निकाल छापता तसा पटही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१३ मे २०२५ ला दहावीचा निकाल लागला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत एकच हेडलाईन, कोकण पुन्हा अव्वल. बोर्डाचा कोकण विभाग, म्हणजे आपले रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, ९८.८२ टक्के, राज्य ९४.१० टक्के. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांवर दिवसभर हार, पेढे आणि अभिनंदनाचे फोटो. मी पण अभिनंदन केलं आणि मनापासून केलं कारण पोरांनी आणि मास्तरांनी खरंच मेहनत केलेली असते. पण मी तो पूर्ण पेपर दोनदा वाचला आणि मला पाहिजे तो आकडा कुठेच मिळाला नाही. आमच्या तालुक्यातून परीक्षेला बसली किती मुलं, पाच वर्षांपूर्वी किती बसलेली, दहा वर्षांपूर्वी किती, आणि जी पाचवीत दाखल झाली त्यातली किती दहावीपर्यंत याच शाळेत राहिली, हे कुणी छापत नाही. म्हणून हे पत्र लिहितेय, थोडं लांबेल, पण जमलं तर पूर्ण छापा.

मी ज्या हायस्कूलात शिकले त्याच हायस्कूलात माझा मुलगा आता नववीत गेला. गाव राजापूर तालुक्यात, समुद्रापासून बराच आत. आमच्या शाळेचा निकाल यंदा शंभर टक्के लागला. बसलेली मुलं अकरा. आमच्या वेळी दहावीच्या दोन तुकड्या होत्या आणि ब तुकडीत बाकं कमी पडायची म्हणून तिघी तिघी बसायचो. आता एकच तुकडी आणि तीही अकरा जणांची, आणि खालच्या वर्गांत डोकावलं तर त्याहून कमी. अकरात एखादा नापास झाला असता तर शाळेचा निकाल एक्क्याण्णव टक्के झाला असता आणि लोक म्हणाले असते यंदा शाळा घसरली. एवढ्याशा पटावर टक्केवारीला अर्थ किती उरतो ते तुम्हीच बघा. कागदावर शंभर टक्के आणि कदाचित चार वर्षांनी वर्गच नाही, अशा कितीतरी शाळा आज आपल्या रत्नागिरी सिंधुदुर्गात आहेत.

आधी एक गोष्ट सांगून टाकते, कारण हा विषय काढला की घाटावरचे नातेवाईक लगेच म्हणतात की तुमच्याकडे तोंडी परीक्षेचे मार्क वाटतात म्हणून निकाल लागतो. २०१९ आठवा. त्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले होते आणि राज्याचा निकाल धाडकन ७७.१० वर आला. तेव्हा कोकणचा किती लागला, ८८.३८, आणि पहिलाच नंबर. म्हणजे आधार काढून घेतला तरी आपली पोरं सगळ्यात पुढे उभी राहिली. कोल्हापूरपासून वेगळं होऊन कोकण बोर्ड झालं तेव्हापासून दहावीला आपण एकदाही दुसरे आलेलो नाही. हे फुकट मिळालेलं नाही. जानेवारीपासून आमच्या शाळेत रात्रीची अभ्यासिका चालते, गावातल्याच बायका आळीपाळीने चहा आणि कांदेपोहे करून नेतात, मास्तर शाळेतच झोपतात. गणिताच्या सरांनी दिवाळीची अर्धी सुट्टी सराव पेपर सोडवून घेण्यात घालवली. वर्ग लहान असल्यामुळे कोणाला काय येत नाही ते सरांना तोंडपाठ असतं, कोणाच्या घरात वडील दारू पितात तेही माहीत असतं. हा लहान वर्गाचा फायदाच आहे आणि तो मान्य केला पाहिजे.

मग एवढा चांगला निकाल असून शाळा रिकाम्या का होतायत? शिकवणं वाईट म्हणून मुलं गेली असती तर उपाय सोपा होता, चांगले शिक्षक द्या, मुलं परत येतील. इथे तसं नाहीये. शिकवणं चांगलं, निकाल चांगला आणि तरी पट खाली. म्हणजे दुखणं दुसरीकडे आहे आणि निकालाच्या हेडलाईनमुळे ते झाकलं जातं.

पहिलं कारण म्हणजे माणसंच नाहीत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या जवळपास सोळा टक्क्यांनी वाढली आणि रत्नागिरी जिल्ह्याची १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गाची ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर. मुंबई शहर सोडलं तर राज्यात लोकसंख्या घटलेले हे दोनच जिल्हे होते. त्याच जनगणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका. बाहेरच्या माणसाला वाटेल मुलींचं किती कौतुक आहे यांच्यात, पण आपल्याला माहीत आहे की पुरुष मुंबईला आहेत म्हणून हा आकडा असा दिसतो. पूर्वी बाप मुंबईला गिरणीत आणि आई-पोरं गावाला, पोरं गावच्या शाळेत, दर महिन्याला मनीऑर्डर. त्यामुळे शाळा भरलेल्या असायच्या. आता लग्न झालं की वर्षा-दोन वर्षात बायको पण विरार, नालासोपारा, दिवा, कल्याण इकडे कुठेतरी जाते, भाड्याची खोली का असेना, आणि मूल तिथेच जन्मतं तिथेच शिकतं. गावी येतं ते गणपतीत आणि मे महिन्यात. त्यात कुणाचं चुकलं असं मी म्हणणार नाही, संसार एकत्र असावा हे कुठल्या बाईला वाटत नाही. आमच्या शेजारच्या काकी म्हणतात तसं, "पोरांच न्हाईत तं शाळा कुनासाटी". पण माझं म्हणणं काकींपेक्षा वेगळं आहे. पोरं कमी झालीत, संपलेली नाहीत. जी आहेत त्यांच्या वाट्याला काय येतंय ते बघा.

कारण जी मुलं गावात आहेत त्यांच्यातली पण बरीच आमच्या हायस्कूलात येत नाहीत. सकाळी साडेसातला तिठ्यावर, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथे, उभं राहिलं की इंग्लिश मिडीयमच्या व्हॅन दिसतात, एकात पंधरा-सोळा पोरं कोंबलेली, तास-तासभर प्रवास करून तालुक्याला जातात. मी त्या पालकांना नावं ठेवत नाही. माझ्या भावाची मुलगी पण तिकडेच जाते. त्याला विचारलं तर तो म्हणतो, ताई पुढे सगळं इंग्रजीतच आहे, मी तालुक्याला ऑफिसात गेलो की इंग्रजी पत्रापुढे गप्प बसतो, तिच्यावर ती वेळ नको. यावर मी काय बोलणार. पण आमच्या शाळेत सेमी इंग्लिश आहे, गणित विज्ञान इंग्रजीतून आहे, हे निम्म्या पालकांना माहीतच नाही, कारण शाळा जाहिरात करत नाही आणि व्हॅनवाल्या शाळांचे बोर्ड दर वळणावर लागलेले. मे महिन्यात आमचे शिक्षक वाडीवाडीवर फिरतात, घाटी चढून जातात, स्वतःच्या पेट्रोलने, बाई तुमचा मुलगा आमच्याकडे द्या म्हणून विनवतात. ज्या मास्तरांना आम्ही रस्त्यात बघून वाट सोडायचो त्यांना पट टिकवायला असं दारोदार फिरावं लागतंय, हे बघून मला त्रास होतो.

दुसरं म्हणजे दहावीनंतर काय, याचं उत्तर गावात नाही. सायन्सला जायचं तर तालुक्याला किंवा रत्नागिरीला, नाहीतर सरळ मुंबईला मामाकडे. यंदापासून अकरावीची अ‍ॅडमिशन सगळ्या राज्याला ऑनलाईन केली. ज्या गावात रेंजसाठी वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या उघड्या माळावर, जाऊन उभं राहावं लागतं तिथल्या मुलांनी पसंतीक्रम भरायचे, ओटीपी यायची वाट बघायची. फॉर्म भरायला सुरुवात झाली त्याच दिवशी साईट बंद पडली. आमच्या अकरा जणांचे फॉर्म शेवटी शाळेतल्या क्लार्कनेच बसून भरले. याचा पटाशी काय संबंध म्हणाल तर संबंध असा की पालक मुलाला पाचवीत घालताना बारावीपर्यंतचा विचार करतो. पुढे जायचंच आहे तर आत्ताच का नको, आठवीतच नेऊया म्हणजे तिथे रुळेल, असं म्हणून आठवीत दाखले निघतात. दर जूनमध्ये आमच्या शाळेतून चार-दोन तरी दाखले असे जातातच.

आता खरं दुखणं सांगते, संचमान्यता. जे शिक्षणात नाहीत त्यांना हे माहीत नसतं म्हणून सोपं करून लिहिते. ३० सप्टेंबरला शाळेत जेवढा पट असेल त्यावर पुढे शिक्षकांची पदं ठरतात. पट म्हणजे वर्गात बसलेली मुलं नव्हेत, सरकारी पोर्टलवर ज्यांचं आधार जुळलंय ती मुलं. नावात एक काना इकडचा तिकडे झाला तर मूल रोज शाळेत येतंय, खिचडी खातंय, पण हिशोबात नाही. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने निकष आणखी कडक केले, सहावी ते आठवीला वीसच्या आत मुलं असतील तर तिथे शिक्षकाचं पदच मंजूर होत नाही. वीसच्या आत! सह्याद्रीच्या पायथ्याच्या किती शाळांमध्ये वीसच्या वर पट आहे ते एकदा कुणीतरी मोजावं. मुख्याध्यापकाचं पद पण पटावरच. शिपायाचं पद तर डिसेंबर २०२० च्या निर्णयाने गेलंच, जुना शिपाई रिटायर झाला की नवीन नाही, त्याच्या जागी ग्रामीण शाळेला महिन्याला पाच हजार भत्ता. पाच हजारात कोण येणार घंटा वाजवायला, वर्ग झाडायला, पावसात गळणाऱ्या कौलांवर चढायला? आमच्याकडे हे सगळं आता शिक्षक आणि मुलंच करतात. २ मे २०१२ ला शिक्षक भरती बंद झाली आणि नंतर कित्येक वर्षं बंदच होती, मग भरतीसाठी ऑनलाईन पवित्र पोर्टल आलं, तेही थांबत थांबत. मधल्या काळात जे सर रिटायर झाले त्यांच्या जागा तशाच राहिल्या. आमच्याकडे हिंदीच्या बाई भूमिती घेतात. बाई चांगल्या आहेत, घरी बसून शिकून येतात, पण भूमितीचा शिक्षक तो भूमितीचाच. चित्रकलेचे सर गेल्यापासून चित्रकलेचा तास नाही. लॅब आहे पण लॅब बघणारा नाही.

आणि हे असं चाक फिरतं, की पट कमी म्हणून शिक्षक कमी, शिक्षक कमी म्हणून पालक दाखला काढतो, दाखला काढला म्हणून पट आणखी कमी. यात मुलांची काय चूक. ज्या पोराचा बाप बागेत मजूर आहे, ज्याला मुंबईत मामा नाही आणि व्हॅनचे महिन्याचे पैसे परवडत नाहीत, तेच पोर शेवटपर्यंत या शाळेत राहतं, आणि त्याच्याच वाट्याला बिनशिक्षकाचा वर्ग येतो.

आणखी एक सांगायचंय, याबद्दल फार कमी बोललं जातं. आंब्याच्या बागांमध्ये राखणीला नेपाळी कुटुंबं असतात, रत्नागिरी, देवगड, राजापूर सगळीकडे, बोटींवर पण नेपाळी खलाशी आहेत. पूर्वी हंगामापुरते यायचे, आता बरेच जण बारा महिने कुटुंबासकट राहतात. त्यांची मुलं आपल्या मराठी शाळांत येतात. आमच्या शाळेत सातवीत एक मुलगी आहे, आमच्यापेक्षा चांगली बोली बोलते, वक्तृत्व स्पर्धेत तालुक्याला जाऊन आली. अशा मुलांचं आधार काढायला कागद कुठले आणायचे, आणि आधार नाही म्हणजे संचमान्यतेत नाही. म्हणजे ज्या मुलांमुळे वर्गात थोडी जान आली तीच मुलं सरकारच्या मोजणीत नाहीत. शाळेत रोज येणारं मूल ते मूल, त्याला मोजा, मुख्याध्यापकाच्या सहीवर मोजा, केंद्रप्रमुखाने येऊन डोकी मोजून जावं, एवढं साधं आहे.

यावर सरकारकडून उत्तर येतं समूह शाळा. २०२३ साली पत्र निघालं, वीसच्या आत पट असलेल्या शाळा एकत्र करा, आणि जिथे असं आधी केलंय त्या पानशेत, तोरणमाळची उदाहरणं दिली. मी सरसकट विरोध करणाऱ्यातली नाही. चार मुलांच्या वर्गात मूल वाढत नाही हे मला पण पटतं, कबड्डीला दोन टीम होत नाहीत, स्पर्धा नाही, मैत्रीण नाही. माझ्या मुलाच्या वर्गात मुली दोनच आहेत, त्यातली एक आजारी पडली की दुसरी येत नाही. पण एकत्र करायचं तर आधी गाडी पाहिजे. नकाशावर पट्टी ठेवून पाच किलोमीटर म्हणणं सोपं आहे, माध्यमिक शाळा पाच किलोमीटरच्या आत असावी असा निकष होता तो पट्टीने मोजलेला. आमच्याकडे पाच किलोमीटर म्हणजे एक घाटी उतरायची, पऱ्या म्हणजे ओढा ओलांडायचा, पुन्हा दुसरी घाटी चढायची. जुलैत पऱ्याला पाणी आलं की साकवावरून, म्हणजे छोट्या पायपुलावरून जायचं, आणि साकव कुठले, काहींच्या फळ्या निघालेल्या, काही वाहूनच गेले. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने दापोली मंडणगडला शाळांची छपरं उडवली, २०२१ ला चिपळूण पाण्यात गेलं, हे सगळं आपण बघितलंय. संध्याकाळी साडेपाचला शाळा सुटल्यावर पावसाळी दिवसांत अंधारच असतो, त्यात बिबट्या. तेरा वर्षांच्या मुलीला या वाटेने कोण पाठवेल? पाठवणार नाही, घरी बसवतील, आणि मग ती मुलगी कुठल्याच आकड्यात दिसणार नाही, नापासातही नाही आणि पासातही नाही.

एसटीच्या बाबतीत चांगलं पण सांगितलं पाहिजे. मुलींना बारावीपर्यंत पास फुकट आहे, मुलांना तिकिटाच्या एक तृतीयांश पैशांत मिळतो, आणि गेल्या वर्षीपासून पास शाळेतच आणून देतात, पूर्वी डेपोत दिवस मोडायचा. हा खरंच चांगला निर्णय. पण पास हातात असून गाडी नसेल तर काय करणार. आमच्या बाजूची रात्री गावात मुक्कामाला थांबणारी वस्तीची गाडी २०२१-२२ च्या एसटी संपात बंद झाली ती परत आली नाही. वस्तीची गाडी म्हणजे आमच्यासाठी सकाळची शाळेची गाडी होती. ती बंद झाली त्या वर्षी वरच्या वाडीतल्या तीन घरांनी मुलं तालुक्याला भाड्याने खोली करून ठेवली, आई तिकडे, बाप इकडे. हा खर्च कुठल्या अहवालात येतो?

आता मुंबईकरांना. हे तुमच्या पेपरातून मुंबईतल्या आपापल्या गावांच्या मंडळांपर्यंत पोहोचेल म्हणून लिहितेय. आपल्या कोकणातली बहुतेक हायस्कूलं सरकारने नाही बांधली. पंचक्रोशीने बांधली आणि पैसा आला मुंबईतून. लालबाग परळच्या खोल्यांत दहा-दहा जण एकत्र गाळा करून राहायचे, गिरणीत पाळी करायचे आणि पगारातून गावच्या शाळेची वर्गणी द्यायचे, शिक्षण प्रसारक मंडळ काढायचे, नाटकं लावून पैसे जमवायचे. माझ्या आजोबांकडे त्या वर्गणीच्या पावत्या होत्या, कोणी पाच रुपये, कोणी अकरा, बायकांच्या नावाच्या पावत्या वेगळ्या. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या तरी या शाळा उभ्या राहिल्या. त्याच मंडळांची आज पुढची पिढी आहे, पैसे पण पूर्वीपेक्षा जास्त आहेत, पण मे महिन्यात बैठक होते ती देवळाच्या सभामंडपाची आणि कमानीची. देवाचं करा, कोण नको म्हणतंय. पण एका कमानीच्या पैशात एक तासिका तत्त्वावरचा गणित-विज्ञानाचा शिक्षक कितीतरी वर्षं ठेवता येईल, किंवा वाड्यावाड्यांवरून मुलं आणणारी एक गाडी येईल. मी हे आमच्या मंडळाच्या बैठकीत उठून बोलले. दोघा-तिघांनी मान हलवली, बाकीचे गप्प. एकजण म्हणाला आमची मुलं कुठे तिथे शिकतात. खरं आहे. पण पाच-पाच रुपये देणाऱ्यांची तरी सगळ्यांची कुठे शिकत होती, कित्येकांची लग्नं पण झाली नव्हती.

गावातल्या पालकांनाही एक विनंती आहे. शाळेत जाऊन बघा. निकालाच्या दिवशी नाही, जुलैत जा, वर्गात बसा, सेमीचा तास बघा, प्रश्न विचारा. शिकवणं नाही आवडलं तर खुशाल दुसरीकडे घाला. पण व्हॅन आली आणि टाय दिसला म्हणून नको. साने गुरुजी पालगडचे, दापोलीच्या हायस्कूलात शिकले, ते कोकणातल्या शाळेत शिकले म्हणून काही कमी पडले नाहीत, आणि आपल्याला एवढ्या मोठ्या माणसांची नावं घ्यायची पण गरज नाही, आमच्याच शाळेतून शिकलेल्या दोघी आज नर्स आहेत, एक पोलीस आहे, एक कोकण रेल्वेत आहे.

दहावीनंतरच्या रस्त्याबद्दल पण विचार व्हायला पाहिजे. दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. आमच्या आजूबाजूला काजूच्या फॅक्टऱ्या आहेत, हापूसला २०१८ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, बोटीचं इंजिन दुरुस्त करणारा माणूस मिळत नाही. पण नववी-दहावीच्या मुलांना हे कामाचं शिक्षण म्हणून कोणी दाखवत नाही. विद्यापीठातली माणसं वर्षातून एकदा जरी हायस्कूलात आली, कलम कसं बांधतात, काजूची प्रतवारी कशी करतात ते दाखवलं, तरी पोराला कळेल की गावात राहून पण काहीतरी करता येतं. सगळ्यांनी गावातच राहावं असं माझं म्हणणं नाही. ज्याला जायचंय त्याने जावं. पण ज्याला राहायचंय त्याला शाळेने काहीतरी द्यावं.

आता संपादकसाहेब, तुमच्याकडून काय पाहिजे ते सांगते. पुढच्या वर्षीपासून निकालाची बातमी छापाल तेव्हा प्रत्येक तालुक्यासमोर टक्केवारीच्या शेजारी तीन आकडे छापा, यंदा किती बसले, पाच वर्षांपूर्वी किती बसले होते आणि याच तालुक्यात पाच वर्षांपूर्वी पाचवीत किती होते. बोर्डाकडे आणि शिक्षण विभागाकडे हे सगळं आहे, मागितलं तर मिळेल, तुमचे तालुका प्रतिनिधी एका आठवड्यात गोळा करतील. शंभर टक्केवाल्या शाळांची यादी देता तिथे कंसात मुलांची संख्या द्या. अकरापैकी अकरा लिहा, सातपैकी सात लिहा. त्याने कुणाचा अपमान होत नाही. उलट सात मुलांसाठी रात्री जागणाऱ्या मास्तरांची किंमत लोकांना कळेल, आणि आमदारांना पण कळेल की अव्वल म्हणून फटाके लावताना वर्ग किती रिकामे झालेत.

आणि सरकारकडे आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या आमदारांनी एकत्र येऊन एकच मागणी लावून धरावी. पक्ष कुठलाही असो. पटाचा निकष डोंगराळ आणि वाडीवस्तीच्या भागाला तसाच लावू नका. आधी बघा की ही शाळा बंद झाली किंवा तिथले शिक्षक गेले तर मुलाला पायी किती चालावं लागेल, वाटेत पऱ्या आहे का, गाडी आहे का. जिथे पर्याय नाही तिथे दहा मुलं असली तरी गणिताचा, विज्ञानाचा आणि भाषेचा शिक्षक द्यायचाच. जिथे शाळा एकत्र करणं खरंच बरं आहे तिथे आधी वर्षभर गाडी चालवून दाखवा, पावसाळ्यासकट, मग एकत्र करा.

१६ जूनला शाळा उघडतायत. ३० सप्टेंबरला पट मोजला जाईल. मधल्या साडेतीन महिन्यांत ज्या मुलांचं आधार अडलंय त्यांच्यासाठी तालुक्याचं मशीन मोठ्या गावांत नको, एकेक दिवस हायस्कूलात पाठवा, एवढं जरी तहसीलदारांनी आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांनी मनावर घेतलं तरी काही शाळांतली पदं वाचतील. आमच्या शाळेत तीन मुलांची आधारं अडकलेली आहेत, त्यातलं एक माझ्या मुलाच्या वर्गातलं. बाकीच्या शाळांतल्या पालकांनी पण आपल्या मुख्याध्यापकांना भेटून अशी नावं लिहून घ्यावीत आणि जूनमध्येच तालुक्याला द्यावीत, सप्टेंबरात गेलं तर मशीनवाला मिळत नाही.

आपली,
एक पालक आणि माजी विद्यार्थिनी
राजापूर तालुका, जि. रत्नागिरी